अज्ञात तेजाचे सोबती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बीरगांव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवकाल यांपैकी एखादा विषय असावा अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही आकाश निवडले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उमेदीचा सारा काळ केंद्र सरकारच्या कचेरीत कागदपत्रे तपासण्यात गेला. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर गेली अनेक वर्षे या विषयाचा आवडीने मागोवा घेणाऱ्या वाचकाच्या नात्याने, हे प्रारंभीच स्पष्ट करतो. विषय असा : आकाशातून गॅमा किरण पाठविणारे जे शेकडो अज्ञात उगम आहेत, ते नेमके कोणत्या ताऱ्यांचे आहेत हे कसे ओळखावे, आणि त्यांतून जोडतारे कसे हुडकून काढावेत.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पन्नास वर्षांचा हा कालखंड आकाशातही एका ठिकाणी मोजता येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या आग्नेयेस जो अत्यंत तेजस्वी तारा दिसतो तो व्याध. हा व्याध एकटा नाही. त्याला एक सोबती असून ते दोघे एकमेकांभोवती साधारणपणे पन्नास वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. आपले मंडळ स्थापन झाले तेव्हा तो सोबती जेथे होता, तेथे तो आता पुन्हा येऊन ठेपला आहे. या सोबत्याचा शोध कसा लागला ते पाहण्याजोगे आहे. व्याधाची चाल सरळ रेषेत नसून किंचित नागमोडी आहे, हे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या ध्यानात आले आणि १८४४ साली त्याने असे प्रतिपादन केले, की कोणी तरी न दिसणारा जोडीदार व्याधाला ओढीत असला पाहिजे. पुढे १८६२ साली क्लार्क नावाच्या अमेरिकन भिंगकाराला नवी दुर्बीण पारखत असताना तो अंधुक सोबती प्रत्यक्ष दिसला. म्हणजे डोळ्यांना दिसण्याच्या अठरा वर्षे आधी त्याचे अस्तित्व तर्काने सिद्ध झाले होते, आणि तेही त्याच्या जोडीदाराच्या वर्तनावरून.

जोडतारे ओळखण्याच्या आणखी दोन रीती त्या काळापासून रूढ आहेत. ययाति तारकासमूहातील अलगोल हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांच्या सुमारास काही तास मंदावतो. गुडरिक या तरुण, कर्णबधिर इंग्रज निरीक्षकाने १७८२-८३ साली हे नियमित मंदावणे टिपले आणि एखादा काळोखा गोल त्याच्यासमोरून जात असावा, असे एक अनुमान मांडले. हे ग्रहण होय. दुसरी रीत वर्णपटाची. सप्तर्षींपैकी वसिष्ठ आपल्या परिचयाचा आहे; विवाहाच्या वेळी वधूवरांना अरुंधती दाखविण्याची प्रथा अद्यापि आपल्या घरांतून टिकून आहे. त्या वसिष्ठाच्या वर्णपटातील रेषा ठरावीक काळाने दुभंगतात आणि पुन्हा एक होतात, असे १८८९ साली हार्वर्ड येथे आढळले. एक तारा आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जात असतो, म्हणून असे घडते. जोडीदाराची ओढ, ग्रहण आणि वर्णपटाची हालचाल ही तिन्ही साधने लक्षात ठेवावीत; पुढे ती पदोपदी उपयोगी पडणार आहेत.

आता गॅमा किरणांकडे वळू. प्रकाश, क्ष-किरण, रेडिओलहरी आणि गॅमा किरण ही सारी एकाच कुळातील भावंडे; भेद केवळ ऊर्जेचा. ज्या गॅमा किरणांचा आपण विचार करीत आहोत, त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या कोट्यवधी पट असते. हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, वातावरण त्यांना वरच अडविते. आपल्या जिवाच्या दृष्टीने ही मोठीच कृपा, परंतु ज्योतिर्विदांची मात्र अडचण. म्हणून त्यांचे निरीक्षण करण्यासाठी उपग्रह पाठवावे लागले. १९७२ साली एस.ए.एस.-२ हा अमेरिकेचा उपग्रह गेला, १९७५ साली युरोपचा कॉस-बी गेला, १९९१ साली कॉम्प्टन वेधशाळा गेली आणि जून २००८ मध्ये फर्मी हा उपग्रह कक्षेत स्थिरावला.

या उपग्रहांची दृष्टी तीक्ष्ण नसते. गॅमा किरण आरशाने वा भिंगाने एकत्र आणता येत नाहीत. फर्मीच्या उपकरणात धातूच्या पातळ पत्र्यांचे थर आहेत. त्यांत गॅमा कण शिरला की त्याचे रूपांतर इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन या जोडीत होते आणि त्या जोडीच्या मार्गावरून मूळ कण कोणत्या दिशेने आला हे ताडावे लागते. दुर्बळ उगमाकडून मोजकेच कण येतात, त्यामुळे कित्येक महिन्यांचे कण साठवून त्यांची सरासरी दिशा काढतात. इतके करूनही अनेकदा उगमाची जागा काही कलांच्या वर्तुळाएवढी अनिश्चित राहते. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास तीस कलांचा असतो, यावरून त्या वर्तुळाची कल्पना यावी. आकाशगंगेच्या पट्ट्यात एवढ्या तुकड्यात मोठ्या दुर्बिणीला हजारो तारे दिसतात. त्यांतील कोणता तारा गॅमा किरण पाठवितो, हाच खरा प्रश्न.

आमच्या कचेरीच्या अनुभवातून एक दृष्टांत देतो. एखादा अर्ज येतो. त्यावर गावाचे नाव असते आणि अर्जदाराचे नाव असते. त्या गावी त्याच नावाचे चार इसम निघतात. केवळ पत्ता जुळला म्हणून कोणी निवृत्तिवेतन मंजूर करीत नाही. जन्मतारीख, सही, अंगठ्याचा ठसा अशी काही तरी खूण हवी, की जी दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. आकाशातही तसेच आहे. स्थान जुळणे म्हणजे पत्ता जुळणे. त्याने संशयितांची यादी आखूड होते, ओळख पटत नाही. ओळख पटविणारी सही म्हणजे काळ. एखादा तारा ठरावीक काळाने फिरत असेल, आणि गॅमा किरणांची चढउतारही नेमक्या त्याच काळाने होत असेल, तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

ही सही मिळण्यास किती अवधी लागतो, याचे एक बोलके उदाहरण मिथुन राशीत आहे. एस.ए.एस.-२ उपग्रहाला तेथे एक तेजस्वी गॅमा उगम सापडला. त्या जागी कोणतीही ओळखीची वस्तू दिसेना. इटलीतील मिलान येथील शास्त्रज्ञांनी त्याला गेमिंगा असे नाव दिले. मिथुन व गॅमा या शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहेच, परंतु त्यांच्या प्रादेशिक बोलीत त्याचा अर्थ 'तिथे नाहीच मुळी' असाही होतो. हे 'नाहीच मुळी' तब्बल वीस वर्षे टिकले. १९९२ साली रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाला त्या जागेहून येणाऱ्या क्ष-किरणांत ०.२३७ सेकंदाची स्पंदने आढळली आणि लगोलग गॅमा किरणांतही तीच स्पंदने सापडली. तो एक न्यूट्रॉन तारा होता. गेमिंगा जोडतारा नव्हे. पण केवळ पत्त्यावर विसंबू नये आणि सहीसाठी थांबावे, हा धडा त्याने घालून दिला.

आता प्रत्यक्ष जोडताऱ्यांकडे येऊ. कार्तिक-मार्गशीर्षाच्या रात्री उत्तरेस इंग्रजी एम अक्षराच्या आकाराचा शर्मिष्ठा हा तारकासमूह दिसतो. त्याच्या दिशेने कॉस-बी उपग्रहाला एक गॅमा उगम मिळाला. त्या अनिश्चित वर्तुळात दोन संशयित होते : एक दूरस्थ क्वेसार आणि दुसरा आपल्याच आकाशगंगेतील एल.एस.आय. +६१ ३०३ या क्रमांकाचा उष्ण तारा. या ताऱ्यातून येणाऱ्या रेडिओलहरी बदलत्या आहेत, हे १९७८ साली कॅनडातील संशोधकांना दिसले. पुढे त्या दर साडेसव्वीस दिवसांनी उफाळून येतात असे सिद्ध झाले. म्हणजे त्याला तितक्या दिवसांत प्रदक्षिणा करणारा सोबती आहे. तरीही गॅमा उगम तोच, असे कोणी ठामपणे म्हणेना. २००६ साली कॅनरी बेटांवरील मॅजिक दुर्बिणीने त्याच्याकडून येणारे अत्युच्च ऊर्जेचे बदलते गॅमा किरण टिपले, आणि २००९ साली फर्मीच्या नोंदींत साडेसव्वीस दिवसांची तीच चढउतार स्पष्ट उमटली. कॉस-बीच्या नोंदीपासून तीन दशकांनी सही जुळली. सोबती न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, हा वाद मात्र त्यानंतरही चालू राहिला. २०२२ साली चीनमधील पाचशे मीटर व्यासाच्या रेडिओदुर्बिणीला त्यातून ०.२६९ सेकंदाची स्पंदने मिळाली आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाजूने पुरावा उभा राहिला.

असे का घडते, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या उष्ण ताऱ्याकडून वायूचा सतत झोत वाहत असतो. शेजारी वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा असेल तर त्याच्याकडूनही विद्युत्भारित कणांचा प्रचंड वेगवान प्रवाह निघतो. हे दोन वारे जेथे भिडतात तेथे इलेक्ट्रॉन अफाट ऊर्जेला पोहोचतात. ते ताऱ्याच्या साध्या प्रकाशकणांवर आदळले की त्या प्रकाशकणांचेच रूपांतर गॅमा कणांत होते. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने दोघांमधील अंतर बदलते आणि त्याबरोबर गॅमा किरणांचे प्रमाणही बदलते. एल.एस. ५०३९ या दुसऱ्या ताऱ्याची प्रदक्षिणा ३.९ दिवसांची आहे. त्याचा संबंध गॅमा उगमाशी असावा असे २००० साली सुचविले गेले आणि २००५ साली नामिबियातील हेस दुर्बिणींनी त्यास दुजोरा दिला. २०१२ साली तर उलट्या दिशेने वाट सापडली. फर्मीच्या नोंदींतच साडेसोळा दिवसांचा एक फेरा आधी दिसला आणि मग त्या जागी जाऊन उष्ण तारा हुडकला गेला. अशा जातीचे गॅमा जोडतारे आजवर दहाच्या आसपासच माहीत आहेत.

उत्साहाच्या भरात ओळख घाईने जाहीर झाली तर काय होते, याचे उदाहरण हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-३ हे आहे. या जोडीची प्रदक्षिणा अवघ्या ४.८ तासांची. १९८३ साली जर्मनीतील कील येथील संशोधकांनी तिच्याकडून येणारे अतिप्रचंड ऊर्जेचे किरण सापडल्याचे सांगितले. जगभर खळबळ उडाली, ठिकठिकाणी उपकरणे उभी राहिली. पण पुढील काळात उभारलेल्या अधिक मोठ्या व संवेदनक्षम यंत्रणांना तो संकेत मिळाला नाही. अखेर २००९ साली फर्मी व इटलीचा अजिले या दोन उपग्रहांनी, कितीतरी कमी ऊर्जेच्या पट्ट्यात, तिचे गॅमा किरण निर्विवादपणे पाहिले. फर्मीच्या नोंदींत ४.८ तासांची सहीही उमटलेली होती. पहिल्या दाव्याने कोणाचे वाईट झाले असे नव्हे. त्यामुळे उपकरणे सुधारली. परंतु दावा आणि निर्णय यांमधील अंतर किती असावे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आतापर्यंतची उदाहरणे परदेशातील झाली. आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे पुणे जिल्ह्यात आहेत, त्यांना जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ठाऊक असेलच. विठाबाई नारायणगावकरांमुळे ते नाव उभ्या महाराष्ट्रात पोहोचले. शिवनेरीही त्याच तालुक्यात. त्या नारायणगावानजीक खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरलहरी रेडिओदुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. १९६५ साली त्यांनी कल्याण येथे बत्तीस लहान तबकड्यांनी कामास आरंभ केला, १९७० साली उटीची दुर्बीण उभी केली आणि त्या अनुभवाच्या जोरावर खोडदचा प्रकल्प साकारला. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता, ताणलेल्या दोरांवर पोलादी तारेची जाळी बसविल्याने खर्च व वाऱ्याचा भार दोन्ही कमी झाले. २०२० साली त्यांचे निधन झाले.

फर्मीच्या अज्ञात उगमांचा शोध घेण्यास ही दुर्बीण विशेष सोयीची ठरली. त्याचे कारण असे. वृद्ध न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जात आहे. असा तारा कालांतराने मंदावतो. पण त्याला सोबती असेल तर सोबत्याच्या अंगावरील वायू त्याच्यावर पडत राहतो आणि त्या आघाताने तो पुन्हा गतिमान होतो, सेकंदाला शेकडो फेरे घेऊ लागतो. वृद्ध ताऱ्याला लाभणाऱ्या या दुसऱ्या तारुण्याची मीमांसा १९८२ साली ज्यांनी प्रथम मांडली त्यांत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे राधाकृष्णन व श्रीनिवासन हे होते. असे स्पंदक गॅमा किरण पाठवितात हे फर्मीने दाखविले. मग प्रश्न उरला तो अज्ञात उगमांत असे स्पंदक शोधण्याचा. स्पंदक दीर्घ रेडिओलहरींवर अधिक तेजस्वी असतात, आणि खोडदची दुर्बीण त्याच लहरींची. शिवाय त्या लहरींवर तिच्या एका नजरेत पूर्ण चंद्राहून मोठा आकाशाचा भाग मावतो. फर्मीचे अनिश्चित वर्तुळ त्यात सहज सामावते. तीस तबकड्यांचे संकेत एका रीतीने मिळविले की विस्तृत भाग पाहता येतो, आणि स्पंदक सापडल्यावर तेच संकेत दुसऱ्या रीतीने जोडले की त्याची जागा विकलेइतक्या अचूकपणे ठरविता येते. आधी पंचक्रोशी, मग घर, मग उंबरठा, असा हा क्रम आहे.

तरीही काम सोपे नव्हे. आपल्या गावाजवळून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. गाडी आपल्याकडे येत असताना तिच्या शिटीचा स्वर चढा लागतो आणि पुढे निघून गेली की तो उतरतो, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. स्पंदक सोबत्याभोवती फिरताना त्याच्या स्पंदनांचेही तसेच होते. आपल्याकडे येताना ती दाटीने येतात, दूर जाताना विरळ होतात. पाव-अर्ध्या तासातच काळ बदलत असल्याने साधी मोजणी फसते. म्हणून संगणकाला प्रत्येक संभाव्य गतिबदल गृहीत धरून पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. पण हीच अडचण पुढे पुरावा होते. स्पंदनांच्या दाटी-विरळीवरून प्रदक्षिणेचा काळ, कक्षेचा आकार आणि सोबत्याचे किमान वस्तुमान हे सारे मिळते. बेसेलने व्याधाच्या चालीवरून जे ताडले, तेच येथे काळाच्या चालीवरून ताडले जाते.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील भास्वती भट्टाचार्य, जयंत रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीने अनेक स्पंदक शोधले. २०१३ साली त्यांनी जाहीर केलेला जे १५४४+४९३७ हा एक. तो २.१६ सहस्रांश सेकंदात एक फेरा घेतो, म्हणजे सेकंदाला साडेचारशेहून अधिक. सोबत्याबरोबरची प्रदक्षिणा सुमारे २.९ तासांत होते. हा सोबती सूर्याच्या वस्तुमानाच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास उरला आहे. स्पंदकाच्या माऱ्याने त्याचा वायू उडून जात आहे. तो वायू मध्ये आला की प्रत्येक फेऱ्यात काही काळ रेडिओ स्पंदने लुप्त होतात. अलगोलचे ग्रहण येथे अशा रूपाने पुन्हा भेटते. आपल्या जोडीदाराला गिळणाऱ्या कोळिणीवरून शास्त्रज्ञ अशा जोड्यांना 'काळी विधवा' म्हणतात. या जातीची पहिली जोडी १९८८ साली सापडली होती. रेडिओवरून मिळालेले गणित हाती घेऊन फर्मीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गॅमा कणही त्याच ठेक्यात येत असल्याचे आढळले. सही जुळली. अज्ञात उगमाला नाव मिळाले.

दुसरे उदाहरण याहून नवलाचे. दक्षिणेस नरतुरंग तारकासमूहात क्ष-किरण देणारी एक जोडी होती आणि तिच्या जागी फर्मीचा एक गॅमा उगमही होता. पूर्वी तिची गणना वेगळ्याच जातीच्या ताऱ्यांत झाली होती. २०१२ सालच्या अखेरीस, नोव्हेंबर-डिसेंबरच्या दरम्यान, ही जोडी एकाएकी मंदावली. सोबत्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवती जी तबकडी करून फिरत होता ती नाहीशी झाली. त्यानंतर खोडदच्या दुर्बिणीने तिकडे पाहिले, तो १.६९ सहस्रांश सेकंदाचा स्पंदक प्रकट झालेला. प्रदक्षिणेचा काळ ६.९ तास. जयंत रॉय व सहकाऱ्यांनी २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वायू पिणारी जोडी रेडिओ स्पंदक बनते, ही जी मीमांसा १९८२ साली कागदावर होती, ती जणू डोळ्यांदेखत घडली. अशा संक्रमणाची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीनेही वाट काढता येते. फर्मीच्या एका जुन्या अज्ञात उगमाच्या वर्तुळात २०१२ साली एक अंधुक तारा सापडला; त्याचे तेज दर ९४ मिनिटांनी कमीअधिक होत होते. जोडीदाराच्या माऱ्याने त्याची एक बाजू तापलेली होती आणि ती बाजू आपल्यासमोर आली की तो उजळे. हा काळ हाती येताच गॅमा कणांत २.५६ सहस्रांश सेकंदाची स्पंदने शोधणे शक्य झाले. रेडिओची मदत न घेता, केवळ गॅमा कणांतून मिळालेला हा या जातीचा पहिला स्पंदक.

या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न मनात येणे योग्यच आहे. कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्याने तो विचारला तर त्याला उत्तर दिले पाहिजे. हे स्पंदक म्हणजे निसर्गाची अत्यंत नेमकी घड्याळे आहेत. काळ्या विधवांच्या जातीचे थोडे लहरी असतात. पण याच शोधमोहिमांत मिळालेले काही स्थिर स्पंदक आज जगभर कालमापनासाठी निरीक्षिले जातात. जून २०२३ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी अशा घड्याळांच्या सूक्ष्म फरकांवरून, विश्वात मंद गुरुत्वीय लहरी पसरलेल्या असल्याचे पुरावे प्रसिद्ध केले. खोडदची निरीक्षणे त्यांत होती. शिवाय ज्याचे नाव ठाऊक नाही ते तसेच सोडून देऊ नये, ही वृत्ती समाजाच्याही उपयोगाची असते. फर्मीच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून केलेल्या सूचीत ५,०६४ उगम आहेत. त्यांपैकी १,३३६ उगमांना संभाव्य म्हणावा असाही जोडीदार त्या सूचीत देता आलेला नाही. त्यानंतर काहींची ओळख पटली, पण शेकडो अद्यापि निनावी आहेत. त्यांत काळ्या विधवा किती, उष्ण ताऱ्यांच्या जोड्या किती आणि अजून कोणालाच न सुचलेली नवी जात आहे की काय, हे प्रश्न आजच्या शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेले आहेत.

हे काम पुढे चालण्यास दोन गोष्टींची गरज आहे : शांतता आणि काळोख. दोन्ही दुर्मिळ होत चालल्या आहेत. दूरच्या स्पंदकाचा रेडिओसंकेत इतका क्षीण असतो, की जवळच्या भ्रमणध्वनीचा मनोरा त्यापुढे गर्जना करणारा ठरतो. पुणे-नाशिक नव्या लोहमार्गाची आखणी खोडदच्या परिसरातून जाण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दुर्बिणीच्या कामास बाधा येईल असा आक्षेप निघाला आणि मार्ग अन्यत्र नेण्याचा विचार करावा लागला. नारायणगावच्या शेतकऱ्याला रेल्वे हवी आहे. त्याचा माल मुंबईला लवकर जाईल, ही त्याची आशा खोटी नव्हे. दुर्बीण तिथल्या लोकांच्या जमिनीवर उभी आहे आणि शांततेची किंमतही तेच मोजतात. आमचे मत विचाराल तर दुर्बीण एकदा उठली की पुन्हा तेथे बसत नाही आणि लोहमार्ग थोडा वळवून नेता येतो, म्हणून दुर्बीण राखावी. परंतु ज्यांनी तिच्यासाठी गैरसोय सोसली, त्यांना ती काय करते हे त्यांच्या भाषेत सांगण्याचे ऋणही देशावर आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहून ते ऋण पुष्कळ अंशी फेडले. मे २०२५ मध्ये ते गेले. ते काम आता इतरांनी उचलले पाहिजे.

काळोखाविषयी आपल्या बीरगांवात निराळे सांगावयास नको. उरला आणि सिलतरा येथील भट्ट्यांचा उजेड व धूर यांतून शर्मिष्ठा दिसणे कठीणच. त्या भट्ट्यांवर आपल्यापैकी कित्येकांची घरे चालतात, म्हणून त्यांना दूषणे देणे आम्हाला शोभणार नाही. मात्र वर्षातून एकदोनदा मंडळाने मुलांना शहरापासून दूर, मोकळ्या माळावर न्यावे, अशी सूचना करतो. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्यापन होते. तेथील जाणकारांना सोबत येण्याची विनंती करता येईल. सुटीत पचमढीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना आवर्जून सांगावे, की याच टेकड्यांवर टाटा संस्थेने पंचवीस दुर्बिणींचा ताफा उभारून गॅमा किरणांनी वातावरणात उमटणारे निळसर क्षणिक प्रकाशझोत टिपले होते. त्याच तत्त्वावरची २१ मीटर व्यासाची मेस ही दुर्बीण भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभारली असून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस जे कोणी पुण्याकडे गावी जातील, त्यांनी २८ तारखेच्या विज्ञानदिनी खोडदला जरूर जावे. त्या सुमारास तेथे विज्ञानप्रदर्शन भरते, आसपासच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग घेऊन येतात आणि सामान्य माणसाला तबकड्यांच्या जवळ उभे राहता येते.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्यापैकी एखाद्या घरातील मुलगा वा मुलगी त्या निनावी उगमांपैकी एकाला नाव मिळवून देवो, एवढी इच्छा व्यक्त करतो.